बॅकयार्डमधल्या गांधीलमाश्या: ट्रॅप कुठे आणि कधी लावायचा?

डेकवरची_तुळस (बीव्हर्टन, ओरेगन), 6 जुलै 2025

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी 7 सप्टेंबरला, शनिवारी, आमच्याकडे गणपती बसले. चाळीसेक माणसं, घरात मावेनात, म्हणून जेवण मागे डेकवर मांडलं. आरती होऊन प्रसाद वाटायला घेतला तोवर पंचामृतात तीन गांधीलमाश्या पडलेल्या आणि केळ्याच्या फोडींचं ताट माश्यांनी भरलेलं. मैत्रिणीच्या पाच वर्षांच्या मुलाने त्यातलीच एक फोड उचलून तोंडात घातली. माशी ओठाला आतून चावली. अर्ध्या तासात ओठ इतका सुजला की त्याला पाणी पिता येईना. अर्जंट केअरला नेलं, रात्रीपर्यंत सूज उतरली. पण त्याच्या आईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या घरी, मी बोलावलं म्हणून आली होती ती.

ट्रॅप तेव्हाही लावला होता. दुकानातला, पिवळा, नळकांड्यासारखा. टेबलापाशी येण्याआधी माश्या त्यात जातील असं वाटून मी तो टेबलाच्या वरच टांगला होता.

यंदा गणपती 27 ऑगस्टला आहेत, मंडळींना 30 तारखेला, शनिवारी बोलावलंय. तशाच प्रकारचा नवा ट्रॅप आणून लावलाय, सहा दिवसांत चार माश्या सापडल्या. शिवाय वळचणीला गटरच्या कोपऱ्यात एक राखाडी, छत्रीच्या आकाराचं छोटं पोळं आहे. त्यावर आठ-दहा माश्या कायम बसलेल्या दिसतात, पण त्यातली एकही ट्रॅपकडे फिरकत नाही. ट्रॅप चुकीच्या जागी आहे, की चुकीचा आहे? जिथे बघावं तिथे आमिष म्हणून मांस ठेवा असं लिहिलेलं असतं. आमचं घर शाकाहारी, त्यात पुढे श्रावण. दुसरा मार्ग आहे का?

बांगडा_तिखलं (सॅन होजे, कॅलिफोर्निया), 6 जुलै 2025

ताई, मी मूळचा मालवणचा, इथे 19 वर्षं झाली. तुमचं वाचून गप्प बसवेना.

आधी माशी ओळखा. तुमच्या अंगणात बहुधा दोन वेगळ्या जाती आहेत. वळचणीचं ते उघडं, छत्रीसारखं पोळं कागदी गांधीलमाशीचं. ती उडते तेव्हा मागचे लांब पाय खाली लोंबत असतात, तेवढ्यावरून लांबूनही कळतं. तुमच्या ट्रॅपमधल्या आमिषाचं तिला आकर्षणच नाही, म्हणून ती फिरकत नाही. ती झाडांवरच्या अळ्या मारून पिल्लांना घालते, जेवणाच्या ताटाकडे सहसा येत नाही. पोळं दारावर किंवा मुलांच्या हाताशी नसेल तर राहू द्या.

केळ्यावर आल्या त्या यलो जॅकेट. आखूड, गुटगुटीत, उडताना पाय पोटाशी घेतलेले. यांचं पोळं बहुतेक वेळा जमिनीत, उंदराच्या जुन्या बिळात, नाहीतर भिंतीच्या पोकळीत असतं. वरून दिसतं ते फक्त बोटभर भोक. हिवाळ्यात सगळी वसाहत मरते, उरतात त्या नव्या राण्या. वसंतात एकेक राणी एकटीने नवं पोळं सुरू करते. जूनपर्यंत थोड्याच माश्या असतात, ऑगस्ट-सप्टेंबरात एका पोळ्यात हजारो होतात. आपले गणपती नेमके त्यात येतात!

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला कळली तेव्हा मी थक्क झालो होतो. कामकरी माशी कीटकाचा, मांसाचा तुकडा आणून अळीला भरवते आणि अळी बदल्यात तिला गोड थेंब देते. उन्हाळा सरताना पोळ्यात अळ्या कमी होतात, हे गोड मिळणं बंद पडतं. मग माशी गोडासाठी बाहेर हिंडू लागते आणि तुमच्या पंचामृतावर येते.

तुमचा ट्रॅप चुकीचा नाही. दुकानातल्या बऱ्याच ट्रॅपमध्ये हेप्टिल ब्युटिरेट नावाचं फळासारख्या वासाचं रसायन असतं. त्यात मांसाचा अंशही नाही, श्रावणात खुशाल लावा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची मुख्य यलो जॅकेट त्याच्याकडे चांगली येते. जागा मात्र चुकली होती. ट्रॅप माशीला लांबून बोलावतो. आलेल्यातली प्रत्येक आत जात नाही, बाकीच्या तिथेच घिरट्या घालतात. म्हणून माणसं बसतात तिथून निदान 20 फूट लांब, अंगणाच्या कडेला लावा. एक पुरणार नाही, कुंपणाच्या बाजूने तीन-चार लावा. आमिष किती दिवस टिकतं ते पाकिटावर असतं, तारीख लिहून ठेवून बदला. यंदा आता राहिलं, पण पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्येच टांगा. तेव्हा पकडलेली एक राणी म्हणजे एक पोळं कमी.

तरी एक सांगतो, ट्रॅपने पोळं संपत नाही. हजारो माश्यांतल्या शंभर-दोनशे गेल्या तर तुमच्या टेबलाला थोडा आराम, एवढंच. तुमच्याच अंगणात बीळ असेल तर ते शोधावं लागेल. उन्हं कलली की सूर्याकडे तोंड करून उभं राहा, जमिनीलगत ये-जा करणाऱ्या माश्या चकाकताना दिसतात. एकाच रेषेत जात असतील तर त्या रेषेच्या टोकाला बीळ. जवळ जाऊ नका. त्यावरून लॉनमोअर तर मुळीच फिरवू नका, जमिनीच्या थरथरीने उसळून बाहेर येतात. बीळ दगड-मातीने बुजवू नका, पेट्रोल ओतू नका. माणूस बोलवा. आमच्याकडे काही काउंट्यांत (जिल्ह्यांत) व्हेक्टर कंट्रोलवाले, म्हणजे डास-उंदीर आवरणारं सरकारी खातं, जमिनीतलं पोळं फुकट काढून देतात, तुमच्या काउंटीत फोन करून विचारा.

मी स्वतः बादलीचा ट्रॅप करतो. पाच गॅलनची बादली, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, वर आडवी काठी, काठीला दोऱ्याने बांगड्याचं डोकं, पाण्याच्या वर दोन बोटं. माशी खालच्या बाजूने मांस कुरतडते, तुकडा जबड्यात धरून सुटते आणि ओझ्याने आधी खाली जाते. तिथे पाणी. साबणामुळे पाण्यावर तरता येत नाही, बुडते. मासा रोज ताजा लागतो, कुजक्याकडे त्या बघत नाहीत. तुमच्या घरी हे चालणार नाही हे माहीत आहे, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

पारसिक_हिल (एडिसन, न्यू जर्सी), 7 जुलै 2025

वरच्या काकांचं सगळं पटलं, पण पूर्वेकडच्या लोकांनी एक लक्षात घ्या. इथल्या यलो जॅकेट वेगळ्या जातींच्या आहेत, त्यातल्या बऱ्याच हेप्टिल ब्युटिरेटला तितक्या भुलत नाहीत. मी दोन उन्हाळे तेच आमिष बदलत राहिलो आणि ट्रॅप रिकामा. वॉशिंग्टन राज्यात याकिमाला अमेरिकी कृषी खात्याचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या पीटर लँडोल्ट यांनी 1990 च्या दशकात ॲसेटिक ॲसिड आणि आयसोब्युटॅनॉल यांची जोडी या माश्यांना खेचते हे दाखवलं. पाकिटावर ही दोन नावं असलेलं आमिष आणल्यावर पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. घरच्या घरी करायचं तर सफरचंदाच्या रसात चमचाभर व्हिनेगर घाला. व्हिनेगरमुळे मधमाश्या लांब राहतात, त्या उगाच मरायला नकोत.

आंबेमोहोर (राजापूर, रत्नागिरी), 7 जुलै 2025

आमच्या बागेत गांधील दरवर्षी असते. कलमावर चढण्याआधी गडी लांब काठीने फांदी हलवून बघतात, पोळं असलं तर ते झाड त्या दिवशी सोडतात. भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारीण आई कधी मोडू देत नसे, आणि ती सहसा कुणाला चावतही नाही. ताई, वळचणीच्या पोळ्याबद्दल काकांनी सांगितलं तेच करा, असू दे ते तिथे.

रात्रपाळी (ह्यूस्टन, टेक्सस), 8 जुलै 2025

मी इमर्जन्सीत नर्स आहे. त्या बाळाचं वाचून काळीज हललं, कारण तोंडातला किंवा घशातला डंख हा वेगळा प्रकार आहे. ॲलर्जी नसतानाही नुसत्या सुजेने श्वास अडू शकतो. तुम्ही लगेच नेलंत, योग्य केलंत.

मधमाशीसारखी हिची नांगी आत तुटून राहत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डसते. चिरडलेल्या माशीच्या वासाने पोळ्यातल्या बाकीच्या चवताळू शकतात, म्हणून मारत बसू नका, लांब व्हा. डंखाच्या जागी साबण-पाणी, मग बर्फ. लोखंड घासणं, चुना लावणं यात वेळ घालवू नका. अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, धाप लागली, उलटी झाली किंवा चक्कर आली तर थेट 911 या आणीबाणीच्या नंबरवर फोन. एपिनेफ्रिनचं, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं, इंजेक्शन घरात असेल तर ते आधी द्या. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. एकदा असा त्रास झालेल्या माणसाने ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटायलाच हवं, विषाच्या सूक्ष्म मात्रा देऊन करायचे उपचार यावर चांगले लागू पडतात.

पाहुणे येतील त्या दिवशी सोड्याचे डबे उघडे ठेवू नका. माशी आत शिरते आणि घोटाबरोबर तोंडात येते. पारदर्शक पेले द्या.

डेकवरची_तुळस (बीव्हर्टन, ओरेगन), 24 ऑगस्ट 2025

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

ट्रॅप तीन केले. दोन मागच्या कुंपणावर, एक कंपोस्टच्या पेटीपलीकडे, टेबलापासून मोजून 30 फुटांवर. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कंपोस्टजवळचा भरायला लागला. एकदा खूप वेळ उभी राहून बघितलं. माशी खालच्या भोकातून आत चालत गेली आणि उजेडाकडे, वर वर चढत राहिली. वरच्या पारदर्शक भिंतीला डोकं लावून गोल गोल फिरली. खाली परत जायची वाट अर्ध्या इंचावर होती, पण तिकडे ती वळलीच नाही.

कंपोस्टकडेच एवढ्या का येतात म्हणून 2 ऑगस्टला नवरा आणि मी संध्याकाळी दोन कोपऱ्यांत उभे राहिलो. बांगडाकाका, अगदी तुम्ही म्हणालात तसंच! कलत्या उन्हात सोनेरी ठिपके एका रेषेत जात होते. रेषा ऱ्होडोडेंड्रॉनच्या बुंध्याशी संपत होती. तिथे पाल्याखाली भोक होतं, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडं मोठं. गेल्या वर्षी मुलं त्याच्यापासून पंधरा फुटांवर क्रिकेट खेळत होती.

काउंटीकडून मदत मिळाली नाही, म्हणून पैसे देऊन माणूस बोलावला. तो अंधार पडताना आला, सगळ्या माश्या घरी परतल्यावर. लाल काचेचा दिवा, अंगभर पांढरा पोशाख. भोकात पावडर मारली आणि तीन दिवस कुणी तिकडे जाऊ नका म्हणाला. चौथ्या दिवशी ये-जा थांबली. आता ट्रॅपमध्ये दिवसाला एखाद-दुसरी सापडते, ती शेजारच्या कुठल्या तरी बिळातली असणार.

वळचणीचं पोळं तसंच ठेवलंय. टोमॅटोच्या रोपांवरून ती लांब पायांची माशी अळ्या शोधत फिरते, रोज सकाळी दिसते.

मैत्रिणीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती येतेय, मुलाला घेऊन. आरती डेकवरच करणार आहोत. फळं आणि पंचामृत मात्र घरात, झाकण लावून. प्रसाद मी दारात उभी राहून एकेकाच्या हातावर देणार.