आजार वेगळा, बलात्कार वेगळा

'बलात्कार करणारा म्हणजे वासना अनावर झालेला रोगी' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. अनिवार्य लैंगिक वर्तनाचा विकार (लैंगिक ओढ वारंवार आवरताच न येणं) खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत (२०२२ पासून लागू) तो आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत धरलाय. पण त्यात माणूस महिनोन् महिने स्वतःशीच झगडत असतो. रात्री दोनला मोबाइलमधलं ॲप उडवायचं, चारला परत टाकायचं. मजा कधीच संपलेली, नोकरी आणि घर मात्र पणाला. नुसतं 'आपण पाप करतोय' असं वाटणं तर निदानाला पुरतही नाही. यात दुसऱ्यावरची जबरदस्ती कुठे आली?

बलात्कारात बऱ्याचदा वेळ, जागा, सावज हेरलेलं असतं. 'अनावर' झालेल्याला साहेबांसमोर बरं आवरता येतं! आणि एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) आकड्यांत वर्षानुवर्षं ९० टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचेच निघतात.

'ती ओरडली का नाही?' असंही बाईबद्दल विचारलं जातं. भीतीने अनेकदा शरीर थिजतं, आवाजच फुटत नाही. १९७२ साली महाराष्ट्रातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातच एका मुलीवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात तिच्या अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने १९७८ साली दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. त्यावर देशभर रान उठलं तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्टाने संमती नव्हती असंच धरून चालायचं.