आविष्कारसाठी पऱ्हाटीवर मशरूम, विषय चालेल का?

पोट्टी_यवतमाळची
नमस्कार मंडळी, मी फूड टेकच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव दारव्ह्याकडचं. पुढच्या आविष्कारला, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, प्रोजेक्ट टाकायचाय, पहिल्यांदाच. कॉलेजात सगळे म्हणतात ॲप बनव नाहीतर सेन्सर, ड्रोन असं काही घे, परीक्षकांना तेच आवडतं म्हणे. मला ॲप बनवता येत नाही अन् बनवायचंही नाही.
माझ्या डोक्यात असंय की उलंगवाडी झाली, म्हणजे कापूस वेचून संपला, की आमच्याकडे पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर ढीग लावतात, थोडी चुलीत जाते, बाकी पेटवून देतात, तर तीच बारीक करून त्यावर धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घ्यायची, मग वाळवून पावडर, पावडरीची बिस्किटं, पापड वगैरे. हे नवीन वाटेल का? शेती गटात टाकू की इंजिनिअरिंगमध्ये? अन् घरच्या कोठ्यात (गोठ्यात) केलेला प्रयोग मोजतात का, की लॅबच लागते?

अर्धवट_पीएचडी
आधी बिस्किटं अन् पापड काढून टाक. एका पोस्टरवर चार गोष्टी मांडल्या की परीक्षक चौथीवर पकडतात अन् तिथंच आपली बोबडी वळते, हे मी लय पोरांचं होताना पाहिलं.
पऱ्हाटीवर धिंगरी येते हे आधीच छापून आलेलं आहे, ती पांढऱ्या कुजीची बुरशी आहे, लाकडातलं लिग्निन खाते. त्यामुळं ‘येते का’ हा प्रश्नच नाही. तुझा प्रश्न असा असू दे की सोयाबीनच्या कुटारात (मळणीनंतरच्या भुशात) पऱ्हाटी किती टक्क्यांपर्यंत मिसळली तर उत्पन्न पडत नाही. कारण कुटार ढोरांना लागतं, विकतही जातं, पऱ्हाटीला कोण विचारतं? त्या आकड्याला गावात किंमत आहे. नुसतं कुटार हा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, मग पाव पऱ्हाटी, अर्धी, पाऊण, अन् नुसती पऱ्हाटी. प्रत्येकाच्या सारख्या वजनाच्या निदान चार-पाच पिशव्या, नाहीतर सरासरी काढून उपयोग नाही. पिशव्या मांडताना चिठ्ठ्या टाकून जागा ठरव, सगळी पऱ्हाटी दाराजवळ अन् कुटार आत असं नको. ओल्या अळिंबीचं वजन भागिले कोरड्या काडाचं वजन गुणिले १००, याला जैविक कार्यक्षमता म्हणतात, तोच तुझा मुख्य आकडा. एक किलो कोरड्या काडातून ६०० ग्रॅम निघाली तर ६० टक्के, एवढंच गणित आहे.
गट: आविष्कारमध्ये सहा गट असतात, तू ‘शेती व पशुसंवर्धन’ घे. पावडरीचं यंत्र बनवलं असतंस तर इंजिनिअरिंग म्हटलं असतं. कोठा चालतो, फक्त रोजचं तापमान अन् आर्द्रता लिहून ठेव, साधा हायग्रोमीटर पुरतो.

धुऱ्यावरचा_माणूस
पोरी मी काई शिकेल नाई पण दोन गोष्टी सांगतो. पऱ्हाटी उन्हाळ्यापर्यंत धुऱ्यावर ठेवजो नको. उरलेल्या कवडी बोंडात गुलाबी बोंडअळी झोपून राह्यते अन् पुढच्या कपाशीवर तेच फुलपाखरू येते. फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडाचं दुसरं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी ठेवू नका, हे नागपूरची कापूस संशोधन संस्था सांगून सांगून थकली, आयकते कोण. तू ते काड बारीक करून संपवत असशीन तर हे बी पोस्टरवर लिह, मले तरी हेच जास्त कामाचं वाटते.
दुसरं, कपाशीवर आमी किती फवारे मारतो तुले माहीत हाये. ते औषध काडात राह्यलं असन अन् काडातून मशरूमात गेलं असन त मंग? खानार कोण?

अर्धवट_पीएचडी
काका, परीक्षकांचा पहिला प्रश्न हाच असणार. ताई, अवशेष तपासणी मान्यताप्राप्त लॅबमध्ये होते पण महाग पडते, प्रत्येक पिशवीची परवडणार नाही. नुसत्या पऱ्हाटीवरचा एक नमुना अन् कुटारावरचा एक, एवढे तरी दे. कॉलेजला खर्च माग, लाजू नको. जमलंच तर न फवारलेल्या वावरातली पऱ्हाटी घे, पण तसं घेतलंस तर स्पष्ट लिही, सगळ्या पऱ्हाटीला लागू आहे असं दाखवू नको.

कोठ्यातली_अळिंबी
मी धिंगरी विकतो म्हणून हातचं सांगतो. खरी अडचण वेळेची आहे. स्पर्धा हिवाळ्यात, अन् पऱ्हाटी मोकळी होते तोवर स्पर्धा उरकत आलेली असते. म्हणून याच जानेवारी-फेब्रुवारीत प्रयोग उरकून घे. धिंगरीला २० ते ३० अंश अन् ८० टक्क्यांच्या वर ओल पाहिजे, मार्च लागला की आपल्याकडं कोठ्याचा तंदूर होतो, मग गोणपाट ओलं करून करून जीव जातो.
पऱ्हाटी श्रेडरमधून दोन-तीन सेंटिमीटरची कर, लांब राहिली तर पिशवी फाटते अन् आत पोकळी राहते. लाकडासारखं काड आहे, पाणी हळू पितं, रातभर भिजव. मग ७०-८० अंशाच्या पाण्यात तासभर. फॉर्मेलिन अन् बाविस्टिन या औषधांत काड भिजवायची पद्धत स्वस्त पडते पण काकांनी औषधाचा प्रश्न काढल्यावर तू ती वापरूच नको, परीक्षक तिथंच धरतील. मूठ दाबली तर पाणी टपकायला नको, हात ओला व्हायला पाहिजे. स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, सगळ्या पिशव्यांना एकाच लॉटचं घे, नाहीतर फरक काडाचा की बियाण्याचा ते कळणार नाही.

नागभीडकर
एक राहिलं. पोस्टर लावलं की गोष्ट जगजाहीर होते. मिश्रणात काही खास सापडलं तर आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) पेटंट अर्ज टाका, पूर्ण कागद द्यायला नंतर १२ महिने मिळतात. आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ मध्ये स्वतःच्या धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरून एचएमटी तांदूळ काढला, घरोघरी तो शिजतो, २००५ ला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कारही मिळाला, पण २०१८ मध्ये गेले तोपर्यंत पैशाची ओढाताण सुटली नाही. कागद वेळेवर पाहिजेत.

अर्धवट_पीएचडी
दादाजींचं खरं आहे, पण ते बियाणं होतं, त्याला पेटंट लागूच होत नाही, वाणाचा कायदा वेगळा अन् तो २००१ चा. काडाच्या टक्केवारीला पेटंट मिळणं अवघड. बाई आत्ता पिशव्या भर.

पोट्टी_यवतमाळची
बापरे, एवढं! बिस्किटं रद्द. आमच्या काकाची फवारलेली अन् शेजारच्या सेंद्रिय वावरातली अशा दोन्ही पऱ्हाट्या घेतल्या तर पिशव्या दुप्पट होतील ना? कोठ्यात एक गाय आहे, जागा तिच्याशी वाटून घ्यावी लागेल. श्रेडर कोणाकडं भाड्यानं मिळेल दारव्हा-दिग्रसकडं? माहीत असलं तर सांगा, कुटार कापायचं यंत्र पऱ्हाटीला टिकत नाही असं बाबा म्हणतात.

धुऱ्यावरचा_माणूस
टिकत नाई. पात्याचा धुराळा होते. दिग्रसले इचारून सांगतो. अन् गाईले त्या पिशव्याईपासून दूर बांधजो, कुटाराचा वास आला त आधी तेच पाह्यते ते.