कार्ले, भाजे, बेडसे: दोन दिवसांत, आईवडिलांसह, कोणत्या क्रमाने?

ठाणे_पूर्व

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवार मोकळे आहेत. ठाण्याहून रेल्वेने निघून कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी बघायची आहेत. आम्ही चौघं: मी, बायको, वडील (६८) आणि आई (६४). वडिलांना चढाचं काही वाटत नाही. आईचा उजवा गुडघा दुखतो, चढते पण उतरताना त्रास होतो. तिला एकवीरेचं दर्शनही घ्यायचं आहे. स्वतःची गाडी नाही, मुक्काम एकच रात्र.

क्रम काय ठेवावा? आणि तिन्ही ठिकाणी दगडातली चैत्यगृहंच (आत स्तूप असलेली बौद्ध प्रार्थनागृहं) आहेत, तर तेच ते तीनदा बघितल्यासारखं होईल का?

मावळवाट

आधी क्रम. पहिल्या दिवशी दुपारी भाजे, दुसऱ्या दिवशी सकाळी बेडसे, दुपारी कार्ले. कारण उन्हाचं आहे. बेडशाचं चैत्यगृह पूर्वाभिमुख, भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे तोंड करून. बेडशाच्या दर्शनी भागापुढे दोन्ही बाजूंचा कातळ तसाच सोडलेला आहे आणि मधल्या अरुंद बोळातून आत जायचं असतं. ऊन वर चढलं की त्या बोळात सावली पडते आणि खांबांवरचे घोडे, बैल, हत्ती सपाट दिसायला लागतात. नऊच्या आत पोचा. कार्ल्याला उलट: दुपारी साडेतीननंतर मोठ्या कमानीतून उजेड सरळ स्तूपापर्यंत जातो. सकाळी तिथे आत इतका अंधार असतो की छताच्या लाकडी कमानी नुसत्या काळ्या रेघा वाटतात. फक्त वेळेत आत शिरा, पाचला लेणं बंद होतं.

रेल्वे: ठाण्याहून सकाळच्या इंद्रायणी किंवा डेक्कन एक्स्प्रेसने लोणावळा. या गाड्या मळवलीला थांबत नाहीत, म्हणून पुढे पुणे लोकल धरायची. लोणावळ्यानंतरचं पहिलंच स्टेशन मळवली, दुसरं कामशेत. लोकलमध्ये लोक इथे फसतात. दुपारी रुळांच्या देखभालीसाठी ब्लॉक असतो आणि दोन लोकलमध्ये मोठा खंड पडतो. त्या वेळात अडकलात की अख्खी दुपार फलाटावर. वेळापत्रक निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा पाहा, आणि त्या खंडाच्या वेळात रिक्षानेच फिरायचं असं धरून चला.

मुक्काम कार्ल्याच्या बाजूला ठेवा, लोणावळा बाजारात नको. पर्यटन महामंडळाचं निवास कार्ल्यात आहे, शिवाय जुन्या महामार्गावर कार्ला फाट्याच्या आसपास बरीच हॉटेलं आहेत. तिथून तिन्ही लेणी हाताशी येतात.

मळवली स्टेशन ते भाजे लेण्याचा पायथा साधारण अडीच किलोमीटर, मध्ये द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडावा लागतो. चालत जाता येतं, पण आईंचा गुडघा पायऱ्यांसाठी राखून ठेवा आणि रिक्षा करा. बेडशाला कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर. तिथे परतीची रिक्षा मिळत नाही. जाताना ठरवलेलीच थांबवून ठेवायची, अडीच तास धरून, आणि थांबण्याचे पैसे निघण्याआधी बोलून घ्यायचे. 'येताना बघू' म्हटलं की येताना तोच आकडा दीडपट होतो.

नकाशावर 'कार्ले लेणी' टाकताना नीट बघा. कार्ला गाव वेगळं आणि लेण्याचा पायथा वेहेरगावात. फाट्यापासून साधारण तीन किलोमीटर आत, एकवीरेच्या नावाने सहापदरी रिक्षा चालू असतात.

अष्टकोन

सहापदरी नव्हे, सहा सिटांच्या म्हणायचंय बहुतेक :)

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वरच्या क्रमातच आहे. मावळवाट यांनी उन्हासाठी लावलेला क्रम घडणीचाही आहे: भाजे सर्वांत जुनं (इसवी सनपूर्व दुसरं शतक), मग बेडसे, मग कार्ले. याच ओळीने बघितलं तर तेच ते वाटत नाही. मात्र नजर खांबांवर ठेवा.

भाज्याला चैत्यगृहाच्या मध्यभागी उभं राहून दोन्हीकडचे अष्टकोनी खांब बघा. ते आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा बाहेरच्या बाजूला येतो, म्हणून खांब तिरके रोवायचे. दगडात कोरताना त्याची काहीच गरज नव्हती, पण कारागिरांनी लाकडाची सवय जशीच्या तशी दगडात आणली. बेडशाला हा कल कमी होतो. कार्ल्याला खांब सरळ उभे, खाली घट, वर घंटेच्या आकाराचं शीर्ष आणि त्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब असे, आणि स्तूपामागचे सात मात्र साधे अष्टकोनी. एकूण ३७, मोजून घ्या. वडिलांना आवडेल हे काम.

लाकूडही असंच बघायचं. भाज्याला समोरचा सगळा दर्शनी भाग लाकडाचा होता, तो गेला. उरली ती कडेच्या कातळातली चौकोनी खोबणी, ज्यांत तुळया बसवल्या होत्या. छताच्या लाकडी कमानी अजून आहेत. बेडशाच्या कमानी गेल्या, तिथे छत उघडं आहे. कार्ल्याला कमानी आहेतच, शिवाय स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा जागेवर आहे. दोन हजार वर्षांचं सागवान डोक्यावर आहे हे कोणी सांगितलं नाही तर कळतच नाही, कारण सगळे खाली बघून फोटो काढत असतात.

भाज्याला बहुतेक लोक चैत्यगृह बघून परत फिरतात. तसं करू नका. चैत्यगृहाकडे तोंड केलंत की उजवीकडे चालत राहा. आधी चौदा स्तूपांचा गट लागतो, काही आत, काही उघड्यावर. हे पूजेचे मोठे स्तूप नव्हेत, तिथल्या भिक्खूंचे स्मारकस्तूप आहेत आणि काहींवर थेरांची (ज्येष्ठ भिक्खूंची) नावं कोरलेली आहेत. त्याच बाजूला अगदी टोकाला एक विहार (भिक्खूंच्या राहण्याचं लेणं) आहे, त्याच्या ओसरीतली शिल्पं चुकवण्यासारखी नाहीत: चार घोड्यांचा रथ, हत्तीवरचा स्वार, आणि तबल्यासारखी जोडी वाजवणारी बाई.

कार्ल्याला लेख वाचायचे असतील तर छोटी विजेरी न्या आणि ती समोरून न धरता खांबाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. समोरच्या झोतात ब्राह्मी अक्षरं पुसल्यासारखी होतात, तिरक्या उजेडात प्रत्येक खाच सावली टाकते. 'धेनुकाकट' हे गावाचं नाव खांबाखांबावर येतं, आणि तिथल्या काही दात्यांनी स्वतःला 'यवन' (म्हणजे ग्रीक) म्हणवलंय. ओसरीतल्या लेखात वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी हे लेणं जंबुद्वीपात उत्तम असल्याचं सांगतो. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंना करजिक गाव दिल्याचा लेखही तिथेच आहे, त्यात या जागेचं नाव 'वलूरक' असं येतं. अक्षरांवरून बोट फिरवू नका, खडूही नको.

एक गोंधळ आधीच मिटवून टाकतो. तिन्ही ठिकाणी मूळ पूजा स्तूपाची, बुद्धमूर्तीची नव्हे. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर बुद्ध दिसतील, पण ते काही शतकांनी नंतर कोरलेले. जुन्या युगुलांच्या शेजारी मिळेल तिथे जागा करून बसवल्यासारखे दिसतात, कारण खरंच तसं केलंय.

पायरी_पायरी

चुकीचं काही नाही वर, पण गुडघ्याचं कोणी नीट बोललं नाही. एका दिवसात बेडसे आणि कार्ले दोन्ही चढणं आईंना जमणार नाही. बेडशाला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. भाज्याला त्याच्या निम्म्या. कार्ल्याला पायथ्यापासून साडेतीनशेच्या घरात, पण रिक्षा वरच्या वाहनतळापर्यंत जाते आणि तिथून दीड-दोनशे उरतात. रिक्षावाल्याशी बोलताना 'वरच्या पार्किंगपर्यंत' हे शब्द वापरा, नाहीतर तो पायथ्याला सोडून मोकळा होतो.

म्हणजे आईंसाठी भाजे आणि कार्ले, बेडशाला तुम्ही तिघं जा. उतरताना काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात, म्हणजे डाव्या. आणि दुखरा पाय आधी खाली टाकायचा, मग चांगला. चढताना उलट. गुडघ्याचा पट्टा पायथ्यालाच बांधा, दुखायला लागल्यावर बांधून उपयोग नसतो.

एकवीरेचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी पुढ्यात आहे, त्यामुळे वेगळी चढण नाही. समोरून बघितलं तर डावीकडे सिंहस्तंभ, उजवीकडे देऊळ. शुक्रवारी गर्दी मध्यम. रविवार, मंगळवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा या दिवसांत लेणं बघायला जाऊच नये, रांग पायऱ्यांवर उतरलेली असते. लेणं आधी बघा, दर्शन नंतर. लेण्याला बंद व्हायची वेळ आहे, देऊळ त्यानंतरही उघडं असतं. लेण्याचं तिकीट भारतीयांना २५ रुपये, वरती मोबाइलचं नेटवर्क रुसतं, सुटे ठेवा. बेडशाला तिकीट नाही, तसंच पाणीही नाही. माणशी एक लिटर.

कार्ल्याला माकडं हातातली पिशवी ओढतात, प्रसाद बॅगेत आणि बॅग बंद. तिन्हीकडे कातळावर आग्यामोहोळं असतात. अत्तर, उदबत्ती, फटाके, आरडाओरडा यांतलं काही नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, डोक्यावर ओढणी किंवा टॉवेल घेऊन शांतपणे खाली निघा.

ठाणे_पूर्व

सगळ्यांचे आभार. मग आम्ही बेडशाला गेलो असताना आई हॉटेलवरच थांबेल. एक शंका: चैत्यगृहात प्रदक्षिणा घालता येते का? आणि तारीख एक आठवडा पुढे सरकली तर काही फरक पडेल?

अष्टकोन

येते. तिन्हीकडे खांब आणि भिंत यांच्यामधली वाट त्यासाठीच आहे. डावीकडून आत शिरा, स्तूप उजव्या हाताला राहील अशी फेरी घेऊन उजवीकडून बाहेर या. कार्ल्याला तीन दारं आहेत, मधलं सरळ सभागृहात उघडतं, कडेची दोन या वाटांमध्ये. चपला बाहेर काढल्या तर बरं, दर्शनाला येणारे बौद्ध उपासक काढतात. स्तूपाला टेकून फोटो नको.

बेडशाच्या आवारातला छोटा स्तूप मात्र जरूर शोधा. मारकुडावर राहणारा, अरण्यात वास करणारा, भिक्षेवर जगणारा थेर गोभूती, त्याच्या शिष्याने बांधवलेला. लेख तिथेच आहे.

मावळवाट

तारीख पुढे गेली तर २५ डिसेंबर येतो. नाताळच्या सुट्ट्यांनी लोणावळ्याचे रस्ते तुंबतात आणि खोल्यांचे दर चढतात, ते एक. दुसरं म्हणजे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. त्या दिवशी तिथे मोठी गर्दी लोटते, लोकल भरून जातात. देहूरोड याच लोणावळा-पुणे मार्गावर, स्टेशनपासून जवळ आहे. ज्यांना नेमकं त्याच दिवशी तिथे जायचंय त्यांनी तेच मुख्य ठेवावं आणि लेणी दुसऱ्या दिवशी. तुम्हाला शांतपणे लेणी बघायची असतील तर तिसरा आठवडाच पक्का करा.

आणि हो, सहा सिटांच्याच. कीबोर्डची कृपा.