सॅमन वाचवायचा, पण शिकवायचं कुणाला?

चढणीचा_मासा (धागाकर्ती)

आधीच सांगते, हा धागा रावसाचा नाही. मागच्या वेळी 'सॅमन' म्हटल्यावर चार जणांनी तव्यावरच्या रावसाची पाककृती मागितली होती. मुंबईच्या हॉटेलांत रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण दोघांचं काही नातं नाही. खरा सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत चढून येतो. पॅसिफिक सॅमन तिथेच मरतो. मृगाच्या पहिल्या पावसात कोकणातल्या ओढ्यांना चढणीचे मासे येतात ना, त्यातलाच प्रकार, फक्त काही जातींचा प्रवास हजार किलोमीटरहून जास्त.

मी सिएटलजवळ इसाक्वात राहते. गावातच 1936 सालचं मत्स्यबीज केंद्र आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुलावर उभं राहिलं की खाली हातभर लांबीचे मासे प्रवाहाशी झुंजताना दिसतात. पाठी सोललेल्या, शेपट्या झिजून पांढऱ्या पडलेल्या. या खोऱ्यातले मासे राज्याचं मत्स्यखातं आणि मकलशूट जमात बरोबरीच्या नात्यानं सांभाळतात.

आता मुद्दा. लेकीच्या शाळेत सॅमनची अंडी वाढवायची टाकी आहे. तिच्यासाठी अनुदानाचा अर्ज भरताना एक चौकट आली: आदिवासी समाजापर्यंत पोहोचून त्यांना सॅमन पुनरुज्जीवनाबद्दल कसं शिक्षित करणार? शेजारी चित्र होतं, बाण खात्याकडून जमातीकडे. जमातीच्या मत्स्यविभागातल्या एक बाई मदतीला आल्या होत्या. त्यांनी ते पान शांतपणे उलटं फिरवून माझ्यासमोर ठेवलं आणि पुढची चौकट भरायला घेतली.

मला ते पटलं. 1854-55 च्या तहांत या जमातींनी जमीन दिली आणि आपल्या नेहमीच्या जागी मासेमारी करायचा हक्क राखून ठेवला. पुढे त्याच जागी जाळं टाकलं म्हणून त्यांना अटका झाल्या. निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक ज्युनियरना पहिली अटक 1945 मध्ये झाली, वय चौदा. आयुष्यभरात पन्नासहून जास्त वेळा. 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा तहातल्या जमातींचा. ज्यांनी हा मासा कोर्टात जाऊन जिवंत ठेवला, त्यांना 'जनजागृती' करायला निघालोय आपण.

शिकायची गरज आपल्याला आहे. 2020 च्या डिसेंबरात शोध लागला की टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ, 6पीपीडी-क्विनोन, पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातो आणि कोहो सॅमन काही तासांत मरतो. इसाक्वाजवळच्या या पठारावर आपली किती मराठी घरं आहेत आणि प्रत्येक घरी किती गाड्या? आधी आपल्यासाठी शिबिर घ्या.

---

हिशेबी

ताई, पान उलटं फिरवण्याचा प्रसंग छान रंगवलात. पण अशा प्रसंगांनी नदीत एक मासा वाढत नाही.

शिबिरं, टाक्या, गोष्टी, ढोल, सगळं ठीक. खरं काम कंटाळवाणं असतं. रस्त्याखालच्या मोऱ्या घ्या. महामार्गाखालून ओढा एका अरुंद पाइपातून जातो, पाइपाचं तोंड पाण्यापेक्षा दोन फूट वर, मासा उडी मारून मारून थकतो. जमातींनी खटला लढवला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 4-4 अशी बरोबरी झाल्यानं खालचा निकाल कायम राहिला आणि वॉशिंग्टन राज्याला मोऱ्या बदलणं भाग पडलं. खर्च अब्जावधी डॉलर. हे झालं निकालानं. 'जागृती'नं झालं नाही.

आणि वर्गातल्या टाकीबद्दल बोलूच नका. दोनशे अंडी, महागडं पाणी थंड करायचं यंत्र, आणि मे महिन्यात बादल्या घेऊन फोटो. त्या दोनशेतले परत किती येणार? एखादा आला तरी नशीब. तेवढ्या पैशात ओढ्याकाठी किती झाडं लागली असती?

---

खवचट_काका

रावसाची पाककृती खरंच नाहीये का?

---

क्लॅमथचा_पाहुणा

मी दक्षिण ओरेगॉनात अकरा वर्षं आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. हिशेबींशी अर्धा सहमत, धागाकर्तीशी पाव.

'शहरातल्या लोकांना शिकवा' म्हणताना शेतकरी कुठे बसवलात? 2001 च्या दुष्काळात माशांसाठी पाणी राखायचं म्हणून इथल्या क्लॅमथ नदीवरच्या सरकारी पाटबंधारे प्रकल्पातल्या हजाराहून जास्त शेतकऱ्यांचे कालवे बंद झाले. बटाटे, अल्फाल्फा गवत, उभी पिकं गेली. मे महिन्यात क्लॅमथ फॉल्समध्ये हजारो लोक रस्त्यावर आले, तळ्यापासून कालव्यापर्यंत माणसांची साखळी करून हातोहात बादल्या दिल्या. पुढच्या वर्षी कालव्यांना पाणी सोडलं, आणि सप्टेंबर 2002 मध्ये खालच्या क्लॅमथमध्ये निदान 34,000 मासे मेले. पाणी कमी आणि कोमट, त्यात मासे दाटीवाटीनं, रोग वणव्यासारखा पसरला. नदीकाठच्या युरोक जमातीचे लोक आजही ती दुर्गंधी आठवून सांगतात. आणि माझा शेजारी बंद पडलेल्या चाऱ्या आठवून सांगतो. दोघांचंही खरं आहे.

पण शाळेतल्या पोरांना सांगितली जाते ती 2002 ची गोष्ट. 2001 गाळलेलं. शेतकऱ्याच्या मुलानं घरी जाऊन बापाला काय विचारायचं, तू मासे मारलेस का? असल्या शिक्षणानं माणसं जवळ येत नाहीत, कान बंद करतात.

---

चढणीचा_मासा

@क्लॅमथचा_पाहुणा, 2001 गाळू नये, कबूल. पण एक पुस्ती जोडते. त्या खोऱ्यातली शेती उभी राहिली ती सरकारनं तळी उपसून. क्लॅमथ जमातींना तर 1954 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं (संसदेनं) कायदा करून 'जमात' म्हणून संपवलंच होतं, मान्यता परत मिळाली 1986 मध्ये. तुम्ही 2001 पासून सुरू करता, ते 1864 च्या तहापासून. गोष्ट कुठून सुरू करायची हे ठरवणाऱ्याच्या हातात सगळं असतं.

@हिशेबी, मोऱ्यांचा खटला कुणी लढवला? ज्यांना आपला हक्क माहीत होता त्यांनी. तो आपोआप माहीत होत नाही.

---

वरची_आळी

मी ओरेगॉनात मत्स्यशास्त्रात पीएचडी करतेय. धागाकर्ती, तुमचा मुद्दा ऐकायला छान आहे, पण त्यात एक भोक आहे आणि त्यातून अख्खी नदी वाहून जाते.

'आदिवासींना ठाऊकच आहे' हे खालच्या नदीला लागू पडतं, युरोक, कारुक वगैरे. वरच्या अंगाला बघा. क्लॅमथवर कॉप्को धरणाचं काम सुरू झालं आणि 1912 नंतर वर ओरेगॉनात सॅमन चढलाच नाही. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं. चार-पाच पिढ्या. तिथल्या पोरांच्या पणजोबांनी मासा पाहिला असेल. जाळं कुठे लावायचं, कुठल्या महिन्यात, धूर कशाचा, पहिल्या माशाचं काय करायचं, हे पुस्तकात नसतं, हातात असतं. हात रिकामे राहिले की विद्या जाते. आज त्या मुलांना 'तुम्हाला सगळं माहीत आहे' म्हणणं म्हणजे त्यांच्या खांद्यावर आपलं रोमँटिक ओझं टाकणं आहे.

म्हणून समाजाच्या आत शिक्षण हवंच. प्रश्न शिकवतं कोण हा आहे. कोलंबिया नदीवर नेझ पर्स, यमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि याकामा या चार जमातींनी 1977 मध्ये स्वतःची संस्था काढली. त्यांचे स्वतःचे शास्त्रज्ञ आहेत, मुलांसाठी सॅमन शिबिर आहे. मुलं सकाळी पाण्याचं तापमान मोजतात आणि संध्याकाळी आजोबांकडून सेलिलो या मासेमारीच्या जुन्या धबधब्याबद्दल ऐकतात, जो 10 मार्च 1957 रोजी 'द डॅल्स' धरणाच्या फुगवट्याखाली काही तासांत बुडाला. तिथे बाण कुणाकडून कुणाकडे काढणार?

@हिशेबी, आता तुमच्यासाठी. क्लॅमथवरची चार धरणं 2023-24 मध्ये निघाली. त्याच्या आधीच, 2022 पासून, खोऱ्यातल्या वेगवेगळ्या जमातींच्या पोरांना कयाक चालवायला शिकवायला घेतलं. तुमच्या हिशेबात हा शुद्ध अपव्यय. 2025 च्या उन्हाळ्यात ती पोरं उगमाकडून समुद्रापर्यंत सुमारे 500 किलोमीटर नदी उतरली, जिथे आधी भिंती होत्या तिथूनही. ही पोरं उद्या पाणीवाटपाच्या बैठकीला बसतील.

---

हिशेबी

@वरची_आळी, कयाकचा मुद्दा भावला, पटला नाही. बैठकीला बसायला वकील लागतो.

तुम्ही मत्स्यशास्त्राच्या आहात म्हणून विचारतो. फेब्रुवारी 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मत्स्यखात्यानं चिनूकची (सॅमनचीच एक जात) सुमारे 8,30,000 पिल्लं क्लॅमथच्या एका उपनदीत सोडली. ती धरणाच्या बोगद्यातून गेली, दाबातल्या फरकानं शरीरात वायूचे बुडबुडे झाले आणि मोठ्या संख्येनं मेली. शिकलेल्या, पगारी तज्ज्ञांची ही गत. आणि आपण शाळेतल्या टाकीवर चर्चा करतोय.

शिवाय मत्स्यबीज केंद्रातले मासे हवेत की नकोत यावरच एकमत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवर धरणं पाडत असतानाच काही संघटना तिथल्या मत्स्यबीज केंद्राविरुद्ध कोर्टात गेल्या, जंगली माशाचा वंश कमजोर होतो म्हणून. तिथली जमात म्हणते मत्स्यबीज केंद्र हवं. मग मुलांना काय शिकवणार?

---

वरची_आळी

दोन्ही शिकवायचं. केंद्रात वाढलेला मासा नदीत टिकायला कच्चा पडतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि स्नेक नदीच्या खोऱ्यातून कोहो 1986 मध्ये नामशेष झाल्याचं जाहीर झालं, तो नेझ पर्स जमातीनं केंद्रातल्या पिल्लांपासूनच परत आणला, हेही खरं. ज्याची नदी पूर्ण रिकामी झाली त्याला वंशशुद्धीचं व्याख्यान देणं सोपं असतं.

8,30,000 ची घटना खरी आहे. त्याच वर्षीची दुसरीही सांगा की. 16 ऑक्टोबर 2024 ला त्या चारांतलं जेसी बॉइल धरण जिथे होतं त्याच्या वरच्या एका उपनदीत चिनूक सापडला. 1912 नंतर ओरेगॉनच्या हद्दीत पहिल्यांदा. त्याला कुणी बादलीतून सोडलं नव्हतं.

---

क्लॅमथचा_पाहुणा

तो मासा बघायला माझा शेजारीही गेला होता. काही बोलला नाही. परत येताना एवढंच विचारलं, आता आमच्या चाऱ्यांना जाळ्या लावाव्या लागतील का. (पिल्लं शेतात जाऊ नयेत म्हणून.) त्याला हे सांगायला आजवर कुणी आलेलं नाही. खातं नाही, जमात नाही, शाळा नाही. तुमच्या बाणाचं टोक तिकडेही वळवा.

---

चढणीचा_मासा

@वरची_आळी, भोक मान्य. मी इसाक्वात बसून सगळ्या नद्यांना एकच माप लावलं. समाजाच्या आतल्या शिक्षणाबद्दल माझे शब्द मागे. त्या चौकटीत 'आम्ही' शिकवणार हे गृहीत होतं, त्याला माझा विरोध कायम आहे.

टाकीची बाजू मात्र घेतेच. हिशेबी, तुम्ही ती पाहिलेली नाही. जानेवारीत अंडी येतात, मोतीचुराच्या बुंदीहून जरा मोठी, नारिंगी, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. डोळे. ओढ्यातल्या खडीखाली अंधार असतो म्हणून टाकीला भोवती फोमच्या पाट्या लावायच्या. पाणी दहा अंशांच्या आसपास ठेवायचं. मग पिल्लं निघतात, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लटकलेली. आपल्याकडे मत्स्यजिरे, मग बीज, मग बोटुकली म्हणतात ना, तेच टप्पे, फक्त थंडीत आणि सावकाश.

यंदा एका शनिवार-रविवारी थंड करायचं यंत्र बंद पडलं. सोमवारी पाणी अठरा अंश. निम्मी पिल्लं उताणी. पोरं रडली, ते सोडा. पण एकानं विचारलं, ओढ्याचं यंत्र बंद पडलं की कोण दुरुस्त करतं? मग त्या वर्गानं आठवडाभर ओढ्याकाठची झाडं मोजली. सावली कुठे आहे, कुठे नाही. तुमचीच झाडं, हिशेबी.

---

खवचट_काका

म्हणजे निम्मे मासे मारून हिशेबींचा मुद्दा सिद्ध केलात. वा.

---

हिशेबी

काका, आज प्रथमच तुमच्याशी सहमत.

ताई, टाकी ठेवा, भांडत नाही. पण 'शिक्षणानं धोरण बदलतं' हे नका म्हणू. स्नेकवरच्या चार धरणांबाबत जमाती, दोन राज्यं आणि केंद्र सरकार यांच्यात डिसेंबर 2023 मध्ये समझोता झाला होता. इतकी वर्षं शिबिरं, अहवाल, साक्षी. जून 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका सहीनं त्यातून अंग काढून घेतलं. सही करणाऱ्याला कुठल्या वर्गात बसवणार?

टायरचं मात्र डोक्यातून जात नाहीये. त्याचं पुढे काय झालं? बंदी वगैरे?

---

चढणीचा_मासा

बंदी नाही. 2023 मध्ये युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या तीन जमातींनी पर्यावरण खात्याकडे अर्ज केला आणि तो दाखल करून घेतला गेला. टायर कंपन्या पर्याय शोधताहेत. ते रसायन टायरला तडे जाऊ नयेत म्हणून असतं, त्यामुळे नुसतं काढून टाकता येत नाही.

पण उपाय अगदीच नाही असं नाही. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपू दिलं तर त्या पाण्यात कोहो जगतात, हे प्रयोगात दिसलंय. साधारण साठ टक्के वाळू, चाळीस टक्के कंपोस्ट. वर स्थानिक झुडपं लावायची. रेन गार्डन म्हणतात.

---

हिशेबी

माझ्या ड्राइव्हवेच्या टोकाला दहा बाय सहाची जागा आहे, गवत काही येत नाही तिथे. सगळं पाणी तिथूनच गटारात जातं. किती खोल खणावं लागतं?

---

चढणीचा_मासा

मिश्रणाचा थर दीड फूट, वर पाणी साचायला सहा इंच. खणायच्या आधी 811 ला फोन करा, खालून गॅसची लाइन असू शकते.