एलेन व्हाइट यांचं लिखाण म्हणजे दुसरं बायबल का?

जालनेकर
सलाम. ॲडव्हेंटिस्टांच्या (शनिवारी शब्बाथ पाळणारी आपली ख्रिस्ती मंडळी) २८ मूलभूत विश्वासांपैकी १८वा संदेशाच्या दानाबद्दल, म्हणजे देवाचा संदेश सांगण्याच्या देणगीबद्दल आहे. मंडळीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलेन व्हाइट यांच्या लिखाणाला संदेष्ट्याचा अधिकार आहे, असं त्यात म्हटलंय. मग पहिल्या विश्वासातलं 'पवित्र शास्त्र हीच कसोटी' कुठं राहिलं? दुसऱ्या मंडळ्यांतले पाहुणे सरळ विचारतात, "तुमच्यात दोन बायबलं आहेत का?" प्रकटीकरण १२:१७ आणि १९:१० दाखवलं तर म्हणतात, यात बाईंचं नाव कुठंय! शब्बाथ शाळेत (मंडळीच्या शनिवारच्या बायबल वर्गात) हा धडा घ्यायचाय, कसा मांडू?

गोदाकाठ
नाव नाहीच, तसा दावा करूही नका. १२:१७ मध्ये शेवटच्या लोकांजवळ 'येशूची साक्ष' आहे आणि १९:१० तिचा अर्थ सांगतं. अडचण भाषेची आहे. आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात तिथं 'संदेशाचे मर्म' आहे, मूळ ग्रीक शब्द मात्र 'न्यूमा', म्हणजे आत्मा. त्यामुळे 'संदेशाचा आत्मा' हा धागा मराठी वाचकाला दिसतच नाही. हे फळ्यावर लिहा. मग १९:१० शेजारी २२:९ ठेवा. प्रसंग तसाच, योहान देवदूताच्या पाया पडायला जातो, पण 'साक्ष असलेले भाऊ' यांच्या जागी 'तुझे भाऊ संदेष्टे' आलेत.

एवढ्यावरून फार तर शेवटच्या काळात हे दान असेल, इतकंच सिद्ध होतं. ते अमुक व्यक्तीला मिळालं का, याची परीक्षा निराळी: यशया ८:२०, यिर्मया २८:९, मत्तय ७:१५-२०, १ योहान ४:१-३. ही पायरी गाळून थेट एलेन व्हाइट यांच्या काळातल्या अमेरिकेत उडी मारली की धडा तिथंच कोसळतो.

'दोन बायबलं'चं उत्तर शास्त्रातच आहे. नाथान आणि गाद यांनी लिहून ठेवल्याचं १ इतिहास २९:२९ सांगतं, पण ते ग्रंथ शास्त्रात नाहीत. हुल्दाचं पुस्तक नाही, फिलिप्पाच्या चार मुलींचा एक शब्दही नोंदलेला नाही. तरी ते खरे संदेष्टेच. म्हणजे देवाचा आत्मा बोलणं वेगळं आणि लिखाण शास्त्रात गणलं जाणं वेगळं. बाईंनी १९०३ मध्ये स्वतःच्या लिखाणाला मोठ्या प्रकाशाकडे नेणारा लहान प्रकाश म्हटलंय.

मोसंबीबाग
कागदावर ठीक. पण वाद पडला की वडील मंडळी आधी व्हाइट बाईंचंच वाक्य काढतात, वचन मागून येतं. ते काहून?

गोदाकाठ
सवय चुकीची, आणि मंडळीचा इतिहासच तिच्या विरुद्ध जातो. सुरुवातीला पुष्कळजण शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी ६ पासून पाळत, व्हाइट बाईसुद्धा. नोव्हेंबर १८५५ मध्ये अमेरिकेतल्या बॅटल क्रीकला मंडळीतले अभ्यासक जे. एन. अँड्र्यूज यांनी शब्बाथ सूर्यास्ताला सुरू होतो, हे वचनांवरून सिद्ध केलं. बहुतेकांनी मानलं, बाई तरी ६ वरच ठाम होत्या. बाईंना दर्शन आलं ते त्यानंतर, आणि त्यानं अभ्यासाला दुजोरा दिला. हा फरक किरकोळ नाही. जालन्यात जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या आत.

२०१५ ला सॅन अँटोनिओला झालेल्या मंडळीच्या जागतिक अधिवेशनात १८व्या विश्वासाचे शब्दही बदलले. लिखाण हा 'सत्याचा अधिकृत स्रोत' असल्याचं जुनं वाक्य गेलं. सगळी शिकवण आणि अनुभव बायबलवर पारखायचे, हे आधीपासून होतंच, ते राहिलं. तुमच्याकडचं त्रैमासिक किंवा बाप्तिस्म्याच्या वर्गाची वही जुनी असेल तर मजकूर ताडून पाहा.

शब्बाथशाळा_बीड
धडा तयार करताना आधी उतारा, मागचा-पुढचा अध्याय, समांतर वचनं. निष्कर्ष वहीत लिहून झाल्यावरच बाईंचं लिखाण उघडा. उलट केलं की वचन त्यांच्या वाक्याचा पुरावा म्हणून वाचलं जातं, आणि मग वर्गात कुणी वेगळं वाचन मांडलं की भांडण वचनावर न होता बाईंवर होतं.

उतारा घेताना तीन गोष्टी बघा: कधी लिहिलं, कुणाला लिहिलं, मूळ पत्र की नंतरचं संकलन. त्या १९१५ मध्ये वारल्या. त्यानंतर विषयवार निवडलेली पुस्तकं बरीच निघाली, त्यांत संदर्भ कापला जातो. अंड्याचंच घ्या. 'तुमच्या टेबलावर अंडी नकोत' हे एका कुटुंबाला लिहिलेलं होतं. १९०१ मध्ये मात्र अशक्त झालेल्या डॉ. क्रेस यांना त्यांनीच अंडी खायला सांगितली. पहिलं वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं, दुसरं नाही.