मदत हवी आहे: ऑनलाइन कोर्सला मुलं तयार आहेत का, हे आधी कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला शिकवतो. आमची मुलं पदवीला लागणाऱ्या क्रेडिटसाठी ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांनी बनवलेले, कोर्स घेतात. नावनोंदणी धडाक्यात होते आणि महिन्याभरात बरीच मुलं गळतात.

फोन नाही, रेंज नाही, ही रड आता कमी झाली आहे. अडतं भलतीकडेच. जीमेल खातं मोबाइलच्या दुकानदाराने उघडून दिलेलं, पासवर्ड त्यालाच ठाऊक. पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतील, मेलला जोडता येत नाही. कोर्सच्या ऑनलाइन चर्चेत शंका विचार म्हटलं की, ‘सर, इंग्रजी चुकलं तर?’ आणि असाइनमेंटची मुदत! वर्गात आम्ही तरी मागे लागतो, तिथे कोण लागणार?

१२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंटचे २५ गुण, केंद्रावरच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे हवेत. शेवटच्या आठवड्यात रात्री जागवून पेपर मारायची आमच्या मुलांची जुनी विद्या इथे चालत नाही.

तैवानमधल्या संशोधकांची २०१० सालची एक प्रश्नावली मिळाली. १८ विधानं, संगणक-इंटरनेट हाताळणं, स्वतःहून शिकणं, शिकताना मन ताब्यात ठेवणं, शिकायची ओढ आणि ऑनलाइन बोलण्याचा धीर अशा पाच बाजू. तिकडचीही मुलं स्वतःहून शिकणं आणि मनावर ताबा यांतच कमी पडली होती. मराठी करून वाटली, तर बहुतेकांनी सरसकट ‘पूर्ण सहमत’! सरांनी दिलेल्या कागदावर दुसरं काय लिहिणार म्हणा.

तर, प्रत्यक्ष करून दाखवायची अशी चाचणी कोणी घेतली आहे का? कोणाला वगळायचं नाहीये. कोणाला कसली मदत लागेल ते नोंदणीआधी कळायला हवं.

प्रतिसाद १
सर, आम्ही आधी एक लुटुपुटूचा आठवडा घेतो. सोमवारी एका व्हिडिओची लिंक मेलवर, मेलवरच. बघून पाच ओळी लिहायच्या, फोटोची पीडीएफ करून परत पाठवायची, एक शंका सगळ्यांसमोर विचारायची (मराठीत चालेल). मुदत बुधवारी रात्री, आणि मधे आठवण अजिबात करायची नाही. हे शेवटचं शिक्षकांनाच जड जातं! ज्यांना पीडीएफ जमत नाही त्यांना लॅबमध्ये तासाभरात शिकवता येते. ज्यांना सगळं येतं पण बुधवार विसरतात, त्यांची खरी काळजी करा.

प्रतिसाद २
मी विद्यार्थिनी. घरी दुपारी फोन भावाकडे असतो, त्यामुळे ‘फोन आहे का’ला आम्ही ‘हो’च लिहितो. फोन कोणत्या वेळी हातात असतो, ते विचारा ना सर. आणि एनपीटीईएलच्या काही कोर्सचा मजकूर मराठीतही मिळतो, तो आधी दाखवलात तर भीती निम्मी होईल.

धागाकर्ता
दोघांचे आभार. फोनच्या वेळेचा प्रश्न आजच घालतो. बुधवार विसरणाऱ्यांसाठी मुलांच्या जोड्या लावायचा विचार आहे. पण मग एकच सोडवतो आणि दुसरा उतरवतो. यावर कोणाकडे तोडगा आहे?