प्रति: कोरियन घरी शिकायला कोणतं पुस्तक?
रोमन उच्चार दिलेलं पुस्तक नवख्याला सोपं, हे वरचं मत अजिबात पटलं नाही. हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, दोन-चार संध्याकाळींत वाचता येते. उलट रोमनमध्ये 'ई-ओ' दिसलं की आपण 'इओ' म्हणतो, खरा उच्चार 'ऑ'च्या जवळचा. वर सुचवलेल्या 'कोरियन ग्रामर इन यूज' या पुस्तकाला मात्र अनुमोदन. मागे उत्तरं आहेत, एकट्याने शिकताना तेवढाच आधार.

एक मुद्दा राहिलाय. इंग्रजीतली पुस्तकं क्रियापद शेवटी येतं, नामाला प्रत्यय लागतात, हे समजावण्यात पानंच्या पानं घालवतात. 'घरात', 'घरातून' म्हणणाऱ्यांनी ती चाळून पुढे जावं आणि 'उन/नुन' (वाक्याचा विषय दाखवणारे प्रत्यय) विरुद्ध 'इ/गा' (कर्ता दाखवणारे) यावर घाम गाळावा, तिथे मराठी फारशी कामी येत नाही. आणि टोपिक ही कोरियन भाषेची परीक्षा द्यायची असेल तर तिच्या प्राथमिक भागात, टोपिक-१ मध्ये, लेखन नाहीच: ऐकण्याचे ३० प्रश्न, वाचनाचे ४०, एकूण २०० गुण; ८० ला पहिली पातळी, १४० ला दुसरी. म्हणजे ऑडिओ नसलेलं पुस्तक, कितीही स्वस्तात मिळालं तरी, नको. जुने पेपर टोपिकच्या साइटवर ऑडिओसकट फुकट आहेत. मी ते ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐकते; रबाळ्यापर्यंत गर्दीत काही कळत नाही, घणसोलीनंतर जमतं.